पुण्याचं तापमान एका लाटेत मावत नाही

दहावीत साइन भेटते ती काटकोन त्रिकोणात: समोरची बाजू भागिले कर्ण. मनोऱ्याची उंची, झाडाची सावली अशी गणितं सुटतात, परीक्षा होते आणि तिची आपली गाठ सुटते. खरी मजा त्यानंतर आहे. कोन ९० अंशांवर न थांबवता तसाच पुढे फिरवत नेला, तर साइन १ वरून उतरते, शून्याखाली जाते, −१ ला टेकून परत वर येते आणि ३६० अंशांनंतर तेच चक्र पुन्हा सुरू होतं. जे फिरून फिरून येतं त्याला हे सूत्र छान लागू पडतं. तापमान तर रोज फिरून येतं.

पुण्यातला मार्चमधला एखादा निरभ्र दिवस घेऊ. पहाटेचं किमान तापमान १६ अंश सेल्सिअस, दुपारी ३ वाजताचं कमाल ३६. दोहोंच्या मधोमध २६, आणि तिथून वर-खाली १० अंश. या १० ला लाटेचा आयाम म्हणतात. २४ तासांत ३६० अंशांचा फेरा, म्हणजे तासाला १५. वेळ २४ तासांच्या घड्याळातली धरायची; माथा दुपारी ३ ला, म्हणजे १५ ला हवा, म्हणून कोन त्याच्या सहा तास आधी, ९ पासून मोजायचा.

तापमान = २६ + १० × साइन [१५° × (वेळ − ९)]

सकाळी ११ वाजता कोन होतो ३० अंश. त्याची साइन ०.५, म्हणून तापमान ३१. दुपारी १२ ला कोन ४५ अंश, तापमान ३३. ३ वाजता कोन ९०, साइन १, तापमान ३६. एका ओळीच्या सूत्रासाठी हे फारच चांगलं आहे.

रात्री मात्र सूत्र चुकतं. त्याच्या हिशेबाने सर्वांत गार वेळ पहाटे ३ ची. पण पहाटे टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की खरा गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो. जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते, आणि येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेला मागे टाकेपर्यंत पारा उतरतच राहतो. दुपारचा उच्चांकही याच कारणाने १२ ऐवजी ३ च्या सुमारास येतो. म्हणजे चढायला साधारण ९ तास आणि उतरायला १५. यावर साधा इलाज असा, की चढत्या भागाला तासाला कोनाच्या २० अंशांची आणि उतरत्या भागाला १२ अंशांची अर्धी लाट द्यायची.

ही झाली दिवसाची गोष्ट. वर्षाची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

लंडनसारख्या शहरात वर्षभराचं तापमान एकाच साइन लाटेत बऱ्यापैकी बसतं: जुलैत माथा, जानेवारीत तळ. पुण्यात तसं करून पाहा. दीर्घकालीन सरासरी पाहिली तर इथलं दिवसाचं कमाल तापमान जानेवारीत सुमारे ३०, एप्रिलमध्ये ३८, ऑगस्टमध्ये २८ च्या आत-बाहेर, ऑक्टोबरमध्ये साडेएकतीस आणि डिसेंबरमध्ये २९ असतं. बारा महिन्यांच्या अशा आकड्यांवर जास्तीत जास्त चपखल बसणारी एकच लाट काढली, तर तिचा माथा एप्रिलच्या सुरुवातीला येतो आणि तळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे तिच्या मते पुण्यात दिवसा सर्वांत थंड काळ ऑक्टोबरचा, पारा जेमतेम २८! ऑक्टोबर हीटने घामाघूम झालेल्या माणसाला हे सांगून पाहावं.

इथे जोसेफ फूरिए हा फ्रेंच गणिती मदतीला येतो. उष्णतेच्या वहनावरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याने दाखवलं, की पुन्हा पुन्हा येणारा आलेख साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो: एक पूर्ण आवर्तकालाची (म्हणजे एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळेची), दुसरी निम्म्या, तिसरी एक तृतीयांश, असं पुढे. पुण्याच्या आकड्यांत वार्षिक लाटेचा आयाम साधारण साडेतीन अंश निघतो आणि सहामाही लाटेचा जवळपास ३. दुसरी लाट पहिलीच्या जवळजवळ तोडीस तोड! तिचे माथे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, तळ जानेवारी आणि जुलैत. दोन्ही मिळवल्या की ऑक्टोबर ३१ वर येतो, ऑगस्ट साडेसत्तावीसवर उतरतो आणि आलेख पुण्याचा दिसू लागतो.

ही सहामाही लाट मुख्यतः मोसमी पावसाची सही आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्याने सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी बहुधा ढग आडवे असतात आणि जमीन ओली असते. आलेल्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. पाऊस परतला, आकाश मोकळं झालं, की ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा जमिनीला भिडतं.

रात्रीचं किमान तापमान मात्र पुण्यातही शहाण्यासारखं एका लाटेत बसतं, दीड-एक अंशाच्या फरकाने. सरासरी १८ च्या जवळ, आयाम ६, तळ जानेवारीच्या सुरुवातीला आणि माथा जुलैच्या सुरुवातीला. जे ढग दिवसा ऊन अडवतात, तेच रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत. म्हणून मार्चमध्ये दिवस आणि रात्र यांच्यात २० अंशांची दरी असते आणि जुलैत जेमतेम ६ अंशांची.