ओझरला उतरणारं पन्नास आसनी एम्ब्रेयर : पार्श्वभूमी

जानोरीला मावशीच्या गच्चीवर उभं राहिलं, की नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर काय येतंय ते डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. लढाऊ सुखोई असलं तर द्राक्षबागेत वाकलेली माणसंही मान वर करतात. एम्ब्रेयर १४५ चा आवाज बारीक, शिट्टीसारखा. मग ते दिसतं: पेन्सिलीसारखं सडपातळ धड, दोन्ही इंजिनं मागे शेपटीजवळ, आणि शेपटीचा आडवा पंख थेट माथ्यावर. धावपट्टी एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बांधणाऱ्या सरकारी कारखान्याची, म्हणून कॅमेरा मी बाहेर काढत नाही; वहीत वेळ तेवढी लिहितो.

घोडावत समूहाच्या स्टार एअरने जानेवारी २०२१ मध्ये बेळगाव–नाशिक सेवा सुरू केली, तेव्हापासून हे विमान माझ्या वहीत आहे. त्याचा जन्म मात्र ब्राझीलमधल्या साओ जोसे दोस कांपोसचा.

आत डावीकडे एकच खुर्ची आणि उजवीकडे दोन, असं का? एम्ब्रेयर कंपनीकडे तेव्हा ब्रासिलिया नावाचं तीस आसनी, पंख्यांचं विमान होतं. त्याचंच अरुंद धड लांबवून जेट करायचं, म्हणजे खर्च वाचेल, असा विचार १९८९ मध्ये झाला. पहिल्या आराखड्यात इंजिनं पंखाच्या वर होती. हवेच्या बोगद्यातल्या चाचण्यांत हवा तेवढा वेग मिळेना. मग ती पंखाखाली घेतली, तर जमिनीपासून पुरेसं अंतर राहावं म्हणून चाकांचे पाय फार उंच करावे लागत होते. अखेर १९९१ मध्ये ती मागे गेली. गच्चीवरून ओळखू येतो तो आकार असा दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेला आहे. याच काळात ही सरकारी कंपनी कर्जात बुडाली होती, माणसं कमी होत होती. डिसेंबर १९९४ मध्ये तिचं खासगीकरण झालं आणि ११ ऑगस्ट १९९५ ला १४५ ने पहिलं उड्डाण केलं. एवढ्या ओढाताणीत प्रकल्प गुंडाळला गेला नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढचं नशीब अमेरिकेने घडवलं. तिथल्या मोठ्या कंपन्यांचे वैमानिक संघटनांशी करार असत: मोठ्या कंपनीसाठी छोटे मार्ग उडवणाऱ्या जोडकंपनीने चालवायच्या जेटमध्ये ठरावीकच आसनं, बहुधा पन्नास. हे विमान त्या मापात नेमकं बसलं. १९९६ मध्ये अशाच एका जोडकंपनीने, काँटिनेंटल एक्सप्रेसने, २५ विमानांची पक्की मागणी नोंदवली, आणखी १७५ चा पर्याय राखून ठेवला. छोट्या भावंडांसह, म्हणजे १३५ आणि १४० धरून, या कुटुंबातली हजाराहून जास्त विमानं बनली. काही चीनच्या हार्बिनमध्येही. आपल्या हवाई दलाचं 'नेत्र' हे टेहळणी विमानही याच सांगाड्यावर उभं आहे.

पुढे इंधन भडकलं. पन्नास प्रवाशांसाठी दोन जेट इंजिनं जाळणं परवडेना आणि अमेरिकेत ही विमानं मोठ्या संख्येने न उडता नुसती उभी राहिली. वापरलेलं जेट स्वस्तात मिळू लागलं ते त्यामुळेच.

इकडे २०१६ मध्ये लहान शहरांना विमानसेवेने जोडणारी केंद्र सरकारची उडान योजना जाहीर झाली. निम्म्या आसनांचं भाडं बांधलेलं, त्यातली तूट सरकार भरून देणार. बेळगाव–नाशिकसारख्या मार्गावर मोठं जेट भरायला रोज दीडशे माणसं कुठून आणायची? पन्नास मिळू शकतात. शिवाय १४५ च्या पुढच्या दारातच जिना आहे. दार उघडलं की पायऱ्या खाली येतात, बाहेरून शिडी आणावी लागत नाही. लहान विमानतळावर ही केवढी सोय! स्टार एअरने जानेवारी २०१९ मध्ये सुरुवात केली ती याच विमानावर.

१४५ चं उत्पादन आता थांबलं आहे. २०२३ मध्ये स्टार एअरने ७६ आसनी ई-१७५ घेतलं: धड रुंद, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, आणि इंजिनं पंखाखाली, म्हणजे १४५ च्या वेळी जिथून हलवावी लागली होती तिथेच.