वाळीत टाकणे

गावाने, जातीने किंवा भावकीने ठरवलेला रिवाज मोडणाऱ्या माणसाशी, आणि बहुतेक वेळा त्याच्या सगळ्या घराशी, व्यवहार तोडण्याची शिक्षा म्हणजे वाळीत टाकणे. जुन्या मराठीत अशा बहिष्काराच्या प्रकरणाला ग्रामण्य म्हणत. रोटीबेटी बंद, पाणवठा बंद, न्हावी-परीट बंद आणि पंगतीत पान नाही, असे या शिक्षेचे जुने रूप होते. समाजाचे अलिखित नियम माणूस का पाळतो, याचे उत्तर इथे सापडते. नियम पटला म्हणून तो पाळला जातो असे नाही. शेजाऱ्यावाचून ज्याचे पान हलत नाही, त्याला शेजारी तुटण्याची भीती पुरते.

या शिक्षेला तुरुंग लागत नाही आणि शिपाईही लागत नाही. जो वाळीतल्या घराशी बोलेल त्यालाही दंड, एवढे एक कलम पुरते, कारण त्यामुळे प्रत्येक शेजारी आपोआप पहारेकरी होतो. मनातून सहानुभूती असलेला माणूससुद्धा रस्त्यात नजर चुकवतो. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. अंगण सारवलेले असते, बायका ओटीचे ताट घेऊन दारात उभ्या असतात. वाळीत टाकलेल्या घरापुढून मात्र ढोलाचा आवाज तसाच पुढे निघून जातो. कुणी शिवी दिलेली नसते, हात उगारलेला नसतो, तरी आपण या गावचे उरलो नाही हे त्या घरातल्या लहान मुलालाही कळते. मयताच्या वेळी तर खांद्याला चार माणसे मिळणेही अवघड होते.

शिकलेली, वजनदार माणसेही या धाकातून सुटली नव्हती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक होते. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि मिशनऱ्यांच्या घरच्या चहावरून शहर पेटले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनाच त्याचे वाईट वाटले. पण तो प्रसंग त्यांच्या एकट्याच्या धैर्याचा नव्हता. ग्रामण्यात अडकलेल्या घरी लग्नामुंजीला भटजी मिळणे मुश्कील होई, मुलींची स्थळे अडत, आणि ती झळ सोबतच्या मित्रांच्या घरांनाही लागत होती. एकट्याने सोसता येईल अशी ही शिक्षा नसते, हेच तिचे बळ आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावानेही बहिष्कार घातला. त्यांनी मात्र पाऊल मागे घेतले नाही.

जातीतल्या जातीत चालणारा बहिष्कार आणि सवर्ण गावाने दलित वस्तीवर टाकलेला बहिष्कार यांत फरक केलाच पाहिजे. दुसऱ्या प्रकारात माणसाला परत पंगतीत घ्यायचे नसते, कारण तो पंगतीत कधी नव्हताच. त्याने हक्क मागू नये म्हणून मजुरी, दुकान आणि वाट बंद केली जाते. मुंबई सरकारने नेमलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या हत्याराची दाहकता नोंदवून ठेवली आहे. आज असा बहिष्कार अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान २०१३ मध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा नाशिकमध्ये वडिलांनीच खून केला, आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे पुढे आले. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली. रायगडमध्ये गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, वाळीत टाकल्याच्या तक्रारीही त्याच काळात गाजल्या. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे.

अडचण पुराव्याची येते. पंच आता ठराव कागदावर घेत नाहीत. दुकानदार ‘माल संपलाय’ म्हणतो, पालखीची वाट यंदा बदलली असे सांगितले जाते, आणि साक्षीला ज्याला बोलवायचे त्या शेजाऱ्याला उद्या त्याच गिरणीवर दळण न्यायचे असते.