निवड तुमची, उत्तर आधीच पाकिटात

इंदुरात सांवेर रोडवरच्या एखाद्या कारखान्याला ७५ वर्षं पूर्ण होतात, विजयनगरच्या हॉटेलात विक्रेत्यांचं संमेलन भरतं आणि जेवणानंतरचा एक तास ‘मोटिव्हेशन’साठी राखून ठेवलेला असतो. हल्ली त्या तासाला वक्त्याऐवजी जादूगार किंवा मेंटॅलिस्ट (मन वाचण्याचे खेळ करणारा) बोलावतात. दाल-बाफले आणि वर तुपातले लाडू रिचवलेल्या दोनशे इंदुरी माणसांना दुपारी तीन वाजता जागं ठेवणं भाषणाच्या आवाक्यातलं नाही, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. माणूस कसा पाहतो, कसा निवडतो आणि नंतर कसा आठवतो, याबद्दल मानसशास्त्राला जे कळलं आहे, ते जादूच्या प्रयोगातून प्रेक्षकाला स्वतःवरच अनुभवता येतं. अट एकच: प्रयोग कसा झाला याचं खोटं कारण मंचावरून सांगायचं नाही. बहुतेक कार्यक्रम इथेच घसरतात.

सगळ्यात कमी सामानात होणारा आणि हातचलाखी मुळीच नसलेला प्रयोग म्हणजे आकड्यांचा चौकोन. फळ्यावर किंवा मोठ्या चार्टवर हे सोळा आकडे लिहायचे:

१९  ११  २५  १४
३६  २८  ४२  ३१
१०   २  १६   ५
१७   ९  २३  १२

बंद पाकीट आधीच कुणाच्या तरी हातात देऊन ठेवायचं. प्रेक्षकांतल्या एकाला पुढे बोलावून कोणत्याही आकड्याभोवती गोल करायला सांगायचं. त्या आकड्याची आडवी ओळ आणि उभा स्तंभ, दोन्ही खोडायचे. उरलेल्यांतून दुसऱ्याने आकडा निवडायचा, पुन्हा ओळ आणि स्तंभ खोडायचा. तिसऱ्याने तेच करायचं. चौथा आकडा आपसूक उरतो. समजा निवडले २५, २८, ५ आणि १७. बेरीज ७५. पाकिटातल्या कागदावरही ७५, आणि कंपनीचा अमृतमहोत्सव! आता दुसरे कोणतेही आकडे घेऊन पाहा. नियम पाळला तर ७५ शिवाय काही येतच नाही.

आतली गोम अशी. प्रत्येक ओळीला एक गुप्त आकडा आहे: १०, २७, १, ८. प्रत्येक स्तंभालाही आहे: ९, १, १५, ४. चौकोनातला प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या ओळीच्या आणि स्तंभाच्या गुप्त आकड्यांची बेरीज. पहिल्या ओळीतला २५ म्हणजे १० अधिक १५. खोडाखोडीच्या नियमामुळे निवडलेले चार आकडे चार वेगळ्या ओळींतले आणि चार वेगळ्या स्तंभांतले असतात, म्हणजे आठही गुप्त आकडे एकेकदाच मोजले जातात. ओळींचे मिळून ४६, स्तंभांचे २९, एकूण ७५. निवड खरोखरच मोकळी आहे. मोकळा नाही तो चौकोन.

दुसऱ्या कंपनीसाठी करायचा तर हव्या त्या बेरजेचे आठ आकडे स्वतः निवडा. ते लहानमोठ्या क्रमाने मांडू नका. शेवटच्या ओळीत सगळे मोठे आकडे आले की हिशेबनीस मंडळींना वास येतो, आणि सियागंजच्या व्यापाऱ्यांसमोर तर नक्कीच. दोन ओळींच्या गुप्त आकड्यांतला फरक दोन स्तंभांच्या आकड्यांतल्या फरकाएवढा येऊ देऊ नका. आला तर चौकोनात एकच आकडा दोनदा पडतो आणि नंतर भलताच खोडला जातो. प्रयोग फसतो तो बहुधा इथे, किंवा बेरजेत. म्हणून खोडण्याचं काम स्वतःकडे ठेवावं आणि बेरीज सभागृहाकडून मोठ्याने करून घ्यावी. त्याच सभेत हा प्रयोग दुसऱ्यांदा करू नये, हे सांगायला नको.

याच घराण्यातला १०८९ चा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो: तीन अंकी संख्या घ्या, उलटी करून मोठीतून लहान वजा करा, आलेली संख्या उलटी करून तिच्यात मिळवा. तो नेहमी एकाच ठिकाणी मोडतो. ३४२ घेतले तर वजाबाकी ९९ येते, प्रेक्षक त्यात ९९ मिळवतो आणि १९८ म्हणतो. खरं तर ०९९ लिहून त्यात ९९० मिळवायचे असतात. त्यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान दोनाचा फरक ठेवा, असं आधीच सांगावं.

यापुढचे प्रयोग गणिताचे नाहीत, माणसाच्या स्वभावाचे आहेत, त्यामुळे ते शंभर टक्के चालत नाहीत. ‘५० च्या आतली दोन अंकी संख्या मनात धरा, दोन्ही अंक विषम पण वेगळे, म्हणजे समजा १५ सारखी.’ ऐकताना वाटतं की मैदान मोकळं आहे. प्रत्यक्षात अटीत बसणाऱ्या संख्या आठच: १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७, ३९. उदाहरण दिल्यामुळे १५ गेली, आणि तिच्या शेजारच्याही लोक टाळतात. उरलेल्यांत ३७ वर सर्वाधिक उड्या पडतात, त्याखालोखाल ३५ वर. एका माणसावर हा प्रयोग करणं जुगार आहे. दोनशे जणांवर केला तर वर झालेले हात पाहूनच सभागृह हसायला लागतं. ३७ चे हात कमी दिसले तर लगेच ३५ विचारावं.

मोकळ्या निवडीच्या भावनेवर पत्त्यांच्या कॅटने अभ्यास झाला आहे. मानसशास्त्रज्ञ जे ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. जादूगार कॅटची कड अंगठ्याने झरझर सोडत पत्ते दाखवतो आणि ‘यातला एक मनात धरा’ म्हणतो. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. त्यात एकच पत्ता इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसतो. धंद्याच्या भाषेत याला फोर्स करणं म्हणतात. ११८ जणांपैकी ९८ टक्के लोकांनी नेमका तोच पत्ता धरला, आणि ९१ टक्के म्हणाले की निवड पूर्णपणे आपलीच होती. मात्र हेच संगणकाच्या पडद्यावर करून पाहिलं तेव्हा परिणाम पुष्कळ उतरला. समोर उभा माणूस, त्याची नजर, उत्तर देण्याची घाई, या साऱ्याचा त्यात वाटा असावा. बँक्वेट हॉलमध्ये हा प्रयोग पहिल्या रांगेपुरताच चालतो. दहाव्या रांगेला तो पत्ता दिसतच नाही.

विक्री आणि खरेदीच्या लोकांसाठी सर्वांत उपयोगी संशोधन मात्र स्वीडनचं आहे. पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आवडता निवडायला सांगितला आणि तो हातात देताना पत्तेवाल्या जादूगाराच्या युक्तीने न निवडलेला सरकवला. अदलाबदल त्या क्षणी पकडली गेली ती जेमतेम १३ टक्के वेळा. बाकीचे हातातल्या, म्हणजे न आवडलेल्या, चेहऱ्याची कारणंही देत बसले. पुढे २०१० मध्ये त्यांनी सुपरमार्केटात जॅम आणि चहा मांडून हेच केलं. डबा दोन्ही बाजूंना झाकण असलेला, आत मधोमध पडदा. चव घेऊन झाली की डबा गुपचूप उलटा करायचा. दोन-तृतीयांश वेळा लोकांना पत्ता लागला नाही, दालचिनी-सफरचंद आणि कडसर ग्रेपफ्रूट इतक्या वेगळ्या चवी असूनही निम्म्यांना लागला नाही.

इंदुरात जॅमऐवजी शेव ठेवावी, पण रंग आणि जाडी सारखी असलेल्या दोन जाती घ्याव्यात, नाहीतर डोळेच चुगली करतील. पडदा घट्ट हवा. मसाल्याचा वास पलीकडे गेला की प्रयोग संपला. चव आणि ‘का आवडली?’ या प्रश्नामध्ये अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नये. नंतर हे गुपित नक्की उघड करावं, आणि प्रयोग सगळ्यांसमोर एकट्या साहेबांवर न करता पाच-सहा जणांवर केलेला बरा. ग्राहक सर्वेक्षणात लोक कारणं भरभरून का लिहितात आणि ती कितपत धरावीत, यावर पुढे अर्धा तास चर्चा होते. कोणाही वक्त्याला एवढी चर्चा घडवता येत नाही.

लक्षाचं म्हणाल तर हवेत नाहीसा होणारा चेंडू पुरे. टेबलामागे बसायचं. चेंडू दोनदा खरोखर वर फेकून झेलायचा आणि दर वेळी हात टेबलाखाली थोडा उतरवायचा. तिसऱ्यांदा खाली गेलेल्या हातातून चेंडू मांडीत सोडून द्यायचा, रिकामा हात तसाच वर न्यायचा आणि नजर व मान वर न्यायची. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० मध्येच यावर लिहिलं होतं. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये हा भास मोजून पाहिला: जादूगार वर पाहत असेल तर सुमारे दोन-तृतीयांश लोकांना चेंडू वर जाताना ‘दिसला’, तो हाताकडेच पाहत राहिला तर जवळपास एक-तृतीयांशांना. गंमत म्हणजे प्रेक्षकांचे डोळे चेंडू नाहीसा झाला त्या जागी गेलेच नव्हते, ते जादूगाराच्या तोंडाकडे होते. चेंडू डोळ्यांनी पाहिला नव्हता, मेंदूने अंदाजाने भरला होता.

म्हणूनच एलईडी वॉल या प्रयोगाची वैरी आहे. कॅमेरावाला हौसेने हाताचा क्लोजअप धरतो आणि चेहरा चौकटीबाहेर जातो. ज्याच्या आधाराने फसगत होते तो चेहराच दिसत नाही, आणि मांडीत पडणारा चेंडू वीस फुटी पडद्यावर दिसतो. शिवाय पडद्यावरचं चित्र मंचावरच्या हालचालीपेक्षा किंचित उशिरा दिसतं. कॅमेरा कमरेपासून डोक्यापर्यंत स्थिर ठेवायला सकाळच्या तालमीतच सांगावं.

आता मन वाचण्याविषयी. मेंटॅलिस्ट चिठ्ठीवरचं नाव ओळखतो तेव्हा त्याने ती चिठ्ठी कुठेतरी पाहिलेली असते: फाडताना मधला तुकडा बोटांत ठेवून, पॅडच्या खालच्या कागदावर उमटलेल्या खुणांवरून, किंवा कार्यक्रमाआधीच्या चहाच्या गप्पांत. त्यात वाईट काही नाही, कला आहे ती. वाईट आहे ते नंतरचं वाक्य: ‘तुमच्या पापण्यांच्या हालचालीवरून ओळखलं.’ २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्गात असाच प्रयोग केला गेला. तो पाहिल्यावर सूक्ष्म हावभावांवरून मन वाचता येतं यावरचा विद्यार्थ्यांचा विश्वास वाढला. आणि करणारा जादूगार आहे असं सांगितलं किंवा मानसशास्त्रज्ञ आहे असं सांगितलं, तरी फरक पडला नाही. म्हणजे ‘हे मनोरंजन आहे’ एवढी सूचना पुरत नाही.

प्रत्यक्षात बॉन्ड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये सुमारे २४ हजार परीक्षकांचे निकाल एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणेफेकीपेक्षा चार टक्के बरं. ‘ही विद्या आमच्या सेल्सच्या पोरांना शिकवा’ असा प्रश्न कार्यक्रमानंतर हमखास येतो. त्याला हा आकडाच उत्तर म्हणून द्यावा, भले पुढच्या शिबिराचं मानधन हातचं जावो.

त्याऐवजी स्वभाववर्णनाचा प्रयोग करावा. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेलं वर्णन’ म्हणून तेरा वाक्यं दिली. सगळ्यांना तीच, ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून उचललेली. वर्णन आपल्याला किती जुळतं, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मराठीत वाक्यं अशी लिहावीत: ‘चारचौघांत तुम्ही मोकळे असता, पण कधी कधी एकटं राहावंसं वाटतं’, ‘तुमच्यात बरंच काही आहे, अजून ते वापरलं गेलेलं नाही.’ नाव घातलेली पाकिटं, आधी भरून घेतलेला आठ-दहा प्रश्नांचा फॉर्म आणि गुण लिहून झाल्यावरच शेजाऱ्याशी अदलाबदल, हा क्रम चुकवू नये. अदलाबदल आधी झाली तर सगळा खेळ फुकट. भरती करताना वापरल्या जाणाऱ्या व्यक्तिमत्त्व-अहवालांकडे एचआरची मंडळी त्या दिवसापुरती तरी बारकाईने पाहतात.

राहिली आठवण. रिचर्ड वाइझमन आणि पीटर लॅमाँट यांनी १९९६ मध्ये भारतीय दोरीच्या जादूच्या (दोर हवेत ताठ उभा राहतो आणि मुलगा त्यावर चढतो, ती) जुन्या साक्षी तपासल्या. पाहिल्यानंतर सांगेपर्यंत जितकी जास्त वर्षं गेली, तितकं वर्णन अचाट. जादूगार याचा फायदा त्याच क्षणी घेतो. ‘तुम्ही पत्ते स्वतः पिसलेत, कुठलाही उचललात,’ असं तो शेवटी म्हणतो. पिसलेले असतात जादूगारानेच. प्रेक्षकाने फक्त काटलेले असतात.

हे दाखवायला वेगळा प्रयोग लागत नाही. पत्त्यांचा एखादा खेळ झाला की पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी करावं, मग प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन चार प्रश्न विचारावेत: पत्ते कुणी पिसले, कॅट कुणाच्या हातात होता, मी त्याला किती वेळा हात लावला, पत्ता उचलण्याआधी मी काय म्हणालो. आपसांत बोलू द्यायचं नाही, चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. मग चालू ठेवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावावं आणि चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचाव्यात. गुणवत्ता तपासणीच्या आणि अपघात चौकशीच्या विभागातल्या लोकांना पुढच्या खुर्च्या द्याव्यात.