लोखंडाला सिलिकॉन जोडताना

पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातील हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, आणि अशा दिवशी ट्रायमिथाइलक्लोरोसिलेनची (सिलिकॉनला एक क्लोरीन आणि तीन मिथाइल गट जोडलेल्या द्रवाची) बाटली उघडी टाकली तर तोंडाशी लगेच पांढरा धूर दिसू लागतो. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडत असल्याचे ते लक्षण असते. लोह, कोबाल्ट, प्लॅटिनम यांसारखी संक्रमण मूलद्रव्ये आणि कार्बन, सिलिकॉन, बोरॉन यांसारखी मुख्य गटातील मूलद्रव्ये यांच्यात थेट बंध घडवू पाहणाऱ्या रसायनतज्ज्ञाला म्हणूनच आधी हवेचा बंदोबस्त करावा लागतो.

त्यासाठी सारी क्रिया कोरड्या नायट्रोजनखाली किंवा आरगॉनखाली, श्लेंक नळ्यांमध्ये (हवा काढून असा वायू भरता येणाऱ्या काचेच्या नळ्यांमध्ये) अथवा ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) केली जाते. द्रावक सुकवण्याची एक जुनी रीत म्हणजे त्यात सोडियम आणि बेंझोफिनोन घालून तो उकळत ठेवणे. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही संपल्यावरच गडद निळा-जांभळा रंग टिकून राहतो. सोडियम हाताळण्याचा धोका पाहता आता अनेक ठिकाणी द्रावक शोषक भुकटीच्या स्तंभांतून गाळून घेतात, आणि तेच शहाणपणाचे आहे.

बंध घडवण्याची सर्वांत सरळ वाट मिठातून जाते. सायक्लोपेंटाडायिनाइल (पाच कार्बनांचे कडे) आणि कार्बन मोनॉक्साइड हे गट धारण करणाऱ्या लोहाच्या संयुगाला सोडियमकडून इलेक्ट्रॉन मिळाला, की लोह ऋणभारित होते. ते क्लोरोसिलेनमधील सिलिकॉनवर चाल करते, क्लोरीन सोडियमबरोबर साधे मीठ होऊन खाली बसते आणि लोह-सिलिकॉन बंध उरतो. पायपर, लेमल आणि विल्किन्सन यांनी १९५६ मध्ये असे संयुग प्रसिद्ध केले. पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक एर्न्स्ट फिशर यांच्यासोबत विभागून मिळवणारे जेफ्री विल्किन्सन ते हेच.

धातू-कार्बन बंध मुळातच दुबळा असतो, ही समजूत बराच काळ टिकून होती. वास्तविक बंध पुरेसा बळकट असू शकतो. अडचण असते ती त्याला सापडणाऱ्या पळवाटेची. दोन कार्बनांच्या इथाइल गटातील दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे सरकतो आणि उरलेला भाग इथिलीन होऊन निघून जातो. मिथाइल गटात दुसरा कार्बनच नसल्याने ही वाट बंद राहते, आणि म्हणूनच टंगस्टनला सहा मिथाइल गट जोडलेले संयुग विल्किन्सन यांच्या प्रयोगशाळेत बनवता आले. अर्थात तेही स्फोटक ठरू शकते, त्यामुळे त्याच्या स्थैर्याचे कौतुक जपूनच करावे.

दुसरी रीत मिठाची नाही. येथे प्लॅटिनमसारखा धातू सिलिकॉन-हायड्रोजन बंधातच शिरतो आणि दोन्ही टोके स्वतःला जोडून घेतो. त्यानंतर तो सिलिकॉन द्विबंध असलेल्या रेणूवर चढवला जातो, हायड्रोजनही त्याच रेणूला मिळतो आणि प्लॅटिनम पुढच्या फेरीसाठी मोकळा होतो. स्वयंपाकघरातील अनेक सिलिकोन साचे याच क्रियेने घट्ट केलेले असतात, आणि त्यासाठी दशलक्ष भागांत प्लॅटिनमचे मोजकेच भाग पुरतात.