किटवर छापलेले एचपी अन् आपल्या उन्हातले एचपी

गाडी घेऊन आलेला माणूस पहिले हेच विचारते, भाऊ, सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावला तर किती एचपी (हॉर्सपॉवर, इंजिनची ताकद) वाढन, अन् मोबाईल काढून दाखवते की किटवाल्यानं तर ३५ टक्के लिहिलं आहे. तो आकडा अगदीच खोटा नाही, पण तो नुसत्या दाबाचा हिशोब आहे, मे महिन्यात वणी-यवतमाळ रोडवर तेवढं काही येत नाही. म्हणून हिशोब आधी स्वतः करून पाहा, पैशाचं मग बोलू.

हवेचा स्वतःचा दाब साधारण १४.७ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). किट त्याच्यावर ५ पीएसआय बूस्ट, म्हणजे जास्तीचा दाब, देत असन तर १९.७ भागिले १४.७, आले १.३४. स्विफ्टचं जुनं चार सिलिंडरवालं १.२ लिटर इंजिन ८३ एचपीच्या आसपासचं, त्याला १.३४ नं गुणलं की १११. किटवाला इथंच थांबते अन् २८ एचपी वाढले म्हणून छापून मोकळा होते.

पण हवा दाबली की तापते नं. बाहेर ४५ डिग्री असन तर साध्या रूट्स ब्लोअरमधून (दोन रोटरनं हवा ढकलणारा सुपरचार्जर) ती ९५ डिग्रीच्या जवळपास होऊन निघते, अन् गरम हवा विरळ, म्हणून इंजिनात ३४ टक्के जास्त हवा जायच्या जागी १५-१६ टक्केच जास्त जाते, त्यात ब्लोअर फिरवणारा पट्टा इंजिनच्याच पुलीवर, तो ५-६ एचपी खाऊन टाकते. म्हणजे इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसन तर हाती राहिले ७-८ एचपी! एवढ्यासाठी कोण पैसे घालन बाप्पा. इंटरकूलरनं तीच हवा ६० डिग्रीवर आणली तर वाढ २८ टक्क्यांपर्यंत जाते, पट्ट्याचं कापून १७-१८ एचपी. आम्ही गिऱ्हाईकाला हाच आकडा सांगतो, कोणी नाराज झालं तरी चालते.

वरचे सगळे आकडे क्रँकवरचे, म्हणजे इंजिनच्या दांड्यावरचे. चाकापर्यंत पोचता पोचता १०-१५ टक्के जातात, म्हणून ८३ ची गाडी डायनोवर (चाकावरची ताकद मोजायचं मशीन) ७२ दाखवते, घाबरू नका. फक्त किटच्या आधी अन् नंतर एकाच डायनोवर, एकाच दिवशी मोजा, नाहीतर कंपनीचा क्रँकचा आकडा अन् डायनोचा चाकाचा आकडा शेजारी ठेवून उगाच भांडण होते.

कंपनीनंच सुपरचार्जर लावलेली छोटी गाडी पाहायची असन तर २००२ ते २००६ ची मिनी कूपर एस पाहा. साधी १.६ लिटर कूपर ११५ एचपीची, सुपरचार्जरवाली सुरुवातीला १६३ ची, म्हणजे ४२ टक्के जास्त. पण बूस्ट होता साधारण ११ पीएसआय, कागदावर ७५ टक्के व्हायला पाहिजे होते! इंटरकूलर होताच, अन् कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १०.६ वरून ८.३ वर आणलं होतं. आपल्या स्विफ्टचं कॉम्प्रेशन ११ च्या घरात, अन् आपण इंजिन न उघडता वरून किट चढवतो, म्हणून आम्ही ५ च्या वर बूस्ट देत नाही. जास्त दिला तर इंजिन नॉकिंग करते (पेट्रोल आपोआप भडकून ठकठक होते), ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेते (ठिणगी उशिरा टाकते), वाढलेले एचपी तिथंच परत जातात, अन् ईसीयूला जमलं नाही तर पिस्टन जाते. पोट्टे बूस्ट वाढवायला ब्लोअरवर छोटी पुली टाकून मागतात, देत नाही.

सेंट्रिफ्युगल (पंख्यानं हवा दाबणाऱ्या सुपरचार्जरच्या) किटवर आकडा मोठा दिसते, पण तो एकदम वरच्या आरपीएमचा. कापसाच्या ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी २५०० वर असते, तिथं त्याचा बूस्ट नावालाच. त्या कामाला रूट्स किंवा ट्विन स्क्रू (दोन स्क्रूमध्ये हवा दाबणारा सुपरचार्जर) बरा.

हवा वाढली तेवढं पेट्रोलही लागते, म्हणून इंजेक्टर, पेट्रोलचा पंप अन् रिमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) धरूनच भाव सांगतो, नुसतं किट बसवून देत नाही.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल मनानं करता येत नाहीत, १८२ए मध्ये एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरटीओचा परवानगीचा कागद अन् विमा कंपनीला कळवल्याची प्रत हाती आल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही.

डिझेलवाल्यांनी येऊ नका, तुमच्या गाडीत टर्बो (इंजिनच्या धुरावर फिरून हवा दाबणारा पंखा) आधीच आहे. बाकीच्यांनी गाडी आणली की पहिले कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरते ते पाहणं) होईन, एखादं सिलिंडर कमी निघालं किंवा इंजिन ऑइल पीत असन तर आधी ते काम.