नवा मासा खात नाही? आधी खाद्याची डबी बाजूला ठेवा

(कुहली लोच, कोरिडोरास, डिस्कस, पफर असे लाजाळू मासे नेणाऱ्यांसाठी)

मासा नेल्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा फोन आम्हाला आता तोंडपाठ झाला आहे. "दुकानात छान खात होता, घरी तोंडच लावत नाही. दगडामागून हलत नाही. आजारी मासा दिलात का?"

बहुतेक वेळा मासा ठणठणीत असतो. पिशवीतला प्रवास, वेगळं पाणी, वेगळा उजेड आणि काचेला नाक लावून बसलेलं अख्खं घर, एवढं सगळं एकाच दिवसात झालेलं असतं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोर डबा न खाता परत आणतं, त्यातलाच प्रकार. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस न खाता सहज काढतो.

खरा घोळ पुढे होतो. खात नाही म्हणून घरातला प्रत्येक जण आपापली चिमूट टाकतो. सकाळी बाबा, दुपारी आजी, शाळेतून आल्यावर मुलं. हे सगळं गोट्यांच्या फटीत जाऊन कुजतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढतात, पण नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशाचे कल्ले होरपळतात. तो आणखी मलूल होतो, आणखी कमी खातो, आणि वरून आणखी खाद्य पडतं. शेवटी पाणी गढूळलं की घाबरून सगळी टाकी रिकामी केली जाते, स्पंज नळाखाली खळखळून धुतला जातो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही जातात आणि महिनाभराचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्पंज धुवायचाच असेल, तर टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा.

मग खायला घालायचं कसं?

पहिल्या दिवशी काहीच नको. टाकीचा दिवाही बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी रात्री दिवा मालवून अर्धा तास जाऊ द्या आणि मग लपायच्या जागेसमोर, एकाच ठरलेल्या कोपऱ्यात, बुडणाऱ्या खाद्याचे दोन-तीन दाणे सोडा. कुहली लोच आणि कोरिडोरास तळाशी चरतात. तरंगते फ्लेक्स त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत, वरच्या थरात फिरणारे टेट्रा मासे ते मध्येच मटकावतात. म्हणून टेट्रांना आधी दुसऱ्या टोकाला थोडं द्या, ते तिकडे गुंतले की इकडे दाणे टाका. सकाळी काही उरलेलं दिसलं तर सायफनने ओढून घ्या आणि त्या रात्री एक दाणा कमी करा.

दाणे रोज संपू लागले की वेळ थोडी थोडी अलीकडे आणा. वेळ ठरलेली, कोपरा ठरलेला, शक्यतो माणूसही तोच. काचेवर टकटक करून बोलावू नका. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीक थरथरसुद्धा कळते, तिथे तुमची टिचकी म्हणजे मोठाच दणका. काही आठवड्यांनी तुम्ही डबी उचलताच मासे त्या कोपऱ्यात गोळा होतील. मासा माणूस ओळखतो का, असं बरेच जण हसत विचारतात. 2016 साली ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँड विद्यापीठांतल्या संशोधकांनी आर्चरफिश माशांना माणसांचे चेहरे वेगळे ओळखायला शिकवून दाखवलं होतं. तुमचा कोरिडोरास इतका हुशार आहे असं आम्ही म्हणत नाही, पण खाऊ कोणत्या बाजूने येतो ते त्याला नक्की कळतं.

डिस्कसचं थोडं वेगळं. त्याला 28 ते 30 अंश पाणी लागतं. पुण्याच्या डिसेंबरात हीटर नसेल तर तो कोपऱ्यात काळवंडून उभा राहतो, आणि त्यावर महागडं खाद्य हा इलाज नाही. एकटा नेऊ नका, पाच-सहा जण असले की धीट होतात. केरळच्या नद्यांतला इवलासा पफर तर कोरड्या खाद्याकडे सहसा बघतही नाही. त्याला फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) वितळवून लांब ड्रॉपरने तोंडासमोर सोडा, अधूनमधून छोट्या गोगलगायी द्या. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे खाद्य म्हणून विकले जाणारे बारीक लाल किडे, आम्ही ठेवत नाही. ते घाण गाळात वाढतात आणि सोबत रोग आणतात. स्वस्त असतात हे मान्य.

आमच्यावरची एक तक्रार म्हणजे आम्ही "उपाशी मासा" देतो. हो, देतो. पॅकिंगच्या आदल्या दिवसापासून आम्ही खाद्य बंद करतो, नाहीतर तो पिशवीतच घाण करतो आणि त्याच पाण्यात घरापर्यंत श्वास घेतो. खाताना बघायचा असेल तर खाद्य बंद करण्याआधी एक चक्कर मारा, समोर खायला घालून दाखवू आणि मासा तुमच्या नावाने बाजूला ठेवू. तो आमच्याकडे काय खातो ते बिलावर लिहिलेलं असतं. सुरुवातीला तेच द्या, बदल नंतर करा.

लपायला नारळाची करवंटी चालते. शेंड्या साफ खरवडा, पाणी बदलत दोन-तीनदा उकळा, कडेला खाच पाडा. एवढा खटाटोप नको असेल तर तयार करवंट्या काउंटरवर आहेत. मासा आठवड्यानंतरही खात नसेल तर स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी घेऊन या, अमोनिया फुकट तपासून देऊ. कृपया मासा आणू नका.

आणि गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खी डबी देऊ नका. एक दिवसाआड एक, अशा मोजक्या पुड्या द्या. डबी घेऊन आलात तर पुड्या आम्ही बांधून देऊ, फक्त चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते.