पार्श्वभूमी : त्सार्स्कोये सेलोची तृणमण्यांची खोली

2022 मध्ये मोठ्या क्रूझ कंपन्यांनी रशियातले थांबे रद्द केले. तोवर बाल्टिक समुद्राच्या सफरीत सेंट पीटर्सबर्ग हा सगळ्यात मोठं आकर्षण असलेला मुक्काम होता. 2009 पासून जहाजाने येणाऱ्यांना 72 तासांपर्यंत व्हिसाशिवाय उतरता येऊ लागलं, मात्र फिरायचं ते परवानाधारक सहलीबरोबरच. त्यामुळे दिवस ठरून गेला होता. बंदरावरून बसने शहराच्या दक्षिणेला सुमारे 25 किलोमीटरवरच्या त्सार्स्कोये सेलो गावातल्या कॅथरीन राजवाड्यात जायचं, दारात बुटांवर आवरणं चढवायची आणि रांगेतून सरकत सरकत अंबर रूम, म्हणजेच तृणमण्यांच्या फळ्यांनी मढवलेली खोली, गाठायची. तिथे जेमतेम काही मिनिटं मिळत. त्या मिनिटांत जे दिसतं ते अठराव्या शतकातलं आहे, अशी समजूत घेऊन बहुतेक जण जहाजावर परतत.

नावांचा घोळ आधी मिटवू. राजवाडा ज्या कॅथरीनच्या नावाने ओळखला जातो ती झार पीटर द ग्रेटची पत्नी, कॅथरीन पहिली. ‘द ग्रेट’ म्हणून गाजलेली ती कॅथरीन दुसरी. गावाचं नाव 1918 मध्ये बदललं आणि 1937 मध्ये, कवी पुश्किनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, ते पुश्किन झालं. आणि इथलं ‘अंबर’ म्हणजे अत्तरातलं अंबर नव्हे. कोकण किनाऱ्यावर ज्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, ती व्हेलची उलटी वेगळी. हे झाडाच्या चिकाचं लाखो वर्षांत झालेलं अश्म. घासलं की गवताची काडी ओढून घेतं, म्हणून आपल्याकडे तृणमणी.

या तृणमण्यांच्या फळ्यांचं काम 1701 मध्ये प्रशिया या जर्मन राज्यात सुरू झालं. 1716 मध्ये त्या रशियाला भेट मिळाल्या आणि 1755 मध्ये या राजवाड्यात आल्या. निळी-पांढरी, सुमारे 325 मीटर लांबीची सध्याची इमारतही त्याच दशकातली.

सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन सैन्य गावात शिरलं. राजवाड्यातल्या कर्मचाऱ्यांनी हलवता येण्यासारखं बरंच काही आधीच पूर्वेकडे पाठवलं होतं. तृणमण्यांना मात्र हात लावला की कपचे निघत, म्हणून त्यांनी भिंतींवर कागद आणि कापड चढवून त्या झाकल्या. शत्रूला त्या सापडायच्याच होत्या. दोनेक दिवसांत फळ्या उतरवून क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादला, नेल्या गेल्या. 1945 नंतर त्यांचा माग नाही. जानेवारी 1944 मध्ये गाव सुटलं तेव्हा राजवाड्याचं छप्पर कोसळलेलं होतं. दुरुस्ती 1957 मध्ये सुरू झाली आणि पहिली काही दालनं 1959 मध्ये उघडली.

मग 1979 मध्ये सरकारने निर्णय घेतला : तृणमण्यांची खोली नव्याने घडवायची. माझ्या मते या राजवाड्याच्या इतिहासातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच, आणि वादग्रस्तही. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलं होतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जतनाचं काम थांबलं पाहिजे. इथे तर भिंती रिकाम्या होत्या. हाताशी होते मुख्यतः कृष्णधवल फोटो, आणि ज्या वस्तूचा सगळा जीव रंगात आहे तिचा रंग अशा फोटोंतून ठरवायचा होता. कारागिरीची परंपराही तुटलेली होती. त्यात मूळ फळ्या कुठल्यातरी तळघरात असतील, ही आशा कुणी सोडलेली नव्हती.

मराठी प्रवासवर्णनांत या कामाला सर्रास ‘जीर्णोद्धार’ म्हणतात. तो शब्द इथे बसत नाही. जीर्णोद्धार करायला काहीतरी जीर्ण उरलेलं लागतं. पडक्या देवळाचा चिरा तरी जुना असतो, इथे तोही नव्हता. ‘नक्कल’ म्हणणं तर अन्यायच. नक्कल करणाऱ्यापुढे मूळ वस्तू असते. रशियन जाणकार ‘वोस्सोज्दानिये’ म्हणतात, म्हणजे पुन्हा निर्माण करणं, आणि ‘रेस्ताव्रात्सिया’पासून, म्हणजे उरलेल्याच्या दुरुस्तीपासून, तो शब्द वेगळा ठेवतात. मराठीत ‘पुनर्निर्मिती’ हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द.

आक्षेप खोटे नव्हते. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. या कामाने नुसती खोली उभी राहिली नाही, एक हस्तकला परत आली. तृणमणी तापवून छटा कशी जुळवायची, पातळ तुकडे लाकडावर कसे बसवायचे, हे हात पुन्हा शिकले. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा पैसा आटला आणि काम रखडलं. अखेर एका जर्मन कंपनीने 35 लाख डॉलर दिले. ज्या देशाच्या सैन्याने फळ्या नेल्या, त्याच देशातून आलेला हा पैसा. 31 मे 2003 रोजी, सेंट पीटर्सबर्गच्या 300 व्या वर्षी, दोन्ही देशांच्या नेत्यांनी मिळून खोली उघडली. निर्णयापासून 24 वर्षं लागली.

यात एक घटना मला सगळ्यात मोलाची वाटते. 1997 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात खोलीतल्या चार रंगीत दगडी चित्रांपैकी एक खरंखुरं सापडलं. स्पर्श आणि गंध या संवेदनांचं ते चित्र 2000 मध्ये रशियाला परत मिळालं. इथल्या कारागिरांनी तेच चित्र फोटोंवरून तोवर घडवलेलं होतं. इतकी वर्षं राखाडी छटांवरून केलेला अंदाज मूळ दगडांशेजारी ठेवून पाहायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली.